विसावी कडी

शुभांगी गभणे ग्रामसभेत दोनच वाक्यं बोलली होती. त्यांतल्या दुसऱ्यातला 'कदाचित' ती घरी पोचेपर्यंत गावानं गाळून टाकला.

गाव जांभूळटोला, नाकाडोंगरीहून आत चार किलोमीटर. एका अंगाला मँगनीजची खाण, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांद्या, म्हणजे खाचरं, आणि मधे आंबेझरी नावाचा चौदा एकरांचा तुकडा. कागदोपत्री ते झुडपी जंगल होतं. प्रत्यक्षात तिथे येन होते, बेहडे होते, मोहाची झाडं होती आणि पाच म्हातारे आंबे होते. त्या आंब्यांच्या मुळांतून बारमाही पाणी झिरपायचं आणि नाल्यानं गावच्या बोडीत यायचं. त्या तलावावर एकोणसाठ घरांचं धान पिकत होतं. खाणीला मलबा टाकायला जागा पुरेना, म्हणून तिनं आंबेझरी मागितली होती.

मागणीसोबत एक जाडजूड अहवाल होता. त्यात आंबेझरीतल्या जीवसृष्टीबद्दल दीड ओळ होती: सर्वसामान्य, उल्लेखनीय काही नाही. ग्रामसेवकानं ती ओळ वाचली आणि शुभांगी उठून उभी राहिली. ती तुमसरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची. वय चौतीस. वडील गेल्यापासून आईबरोबर गावातच राहत होती आणि रोज बसनं जा-ये करत होती.

"तिथं पाल्याखाली एक चपटी वाणी हाये," ती म्हणाली. "कदाचित ती जगात दुसरीकडं कुठंच नसन."

वाणी, म्हणजे शेकडो पायांचा पैसा किडा, गावाला माहीत होती. गोल, काळी, हात लावला की गुंडाळी करून पडणारी, सोयाबीनचे कोंब कुरतडणारी. पण ही वेगळी होती. बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, पाठ सपाट, अंगाच्या प्रत्येक कडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर निघालेल्या छोट्या पंखांसारख्या कडा, आणि त्या कडांच्या टोकांवर शेंदरी ठिपके. डोळे नसतातच तिला. चिमटीत धरली तर कडू बदामासारखा वास सोडते. शुभांगीला ती आदल्या वर्षी अळंबी शोधताना दिसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडू गभणे अंगणात येऊन बसला. तिच्या वडिलांचा थोरला भाऊ. ती त्याला मोठेबाबा म्हणायची. बोडीचं पाणी कोणाच्या बांदीत किती दिवस सोडायचं हे चाळीस वर्षं तोच ठरवत आला होता, आणि त्यावरून त्याच्याशी कोणी भांडलं नव्हतं.

"बाई, तुया त्या किड्यानं आंबेझरी वाचते म्हणते. खरं हाये का?"

"मोठेबाबा, अजून काई पक्कं नाई. नर सापडला पायजे."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. या गटातल्या प्राण्यांत मादी पाहून जात ओळखता येत नाही. पिल्लू पाहून तर नाहीच. दहा वेगळ्या जातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तरी बहिणी वाटतात. ओळख असते ती पूर्ण वाढलेल्या नराच्या सातव्या कडीखाली. तिथे पायांच्या दोन जोड्यांपैकी पुढच्या जोडीऐवजी दोन बारीक अवयव असतात, मोहरीच्या दाण्याहून लहान. मिलनासाठी असतात ते. प्रत्येक जातीत त्यांचा आकार निराळा. तो आकार पाहायचा, त्याचं चित्र काढायचं, जुन्या सगळ्या चित्रांशी ताडायचं. कुठेच जुळलं नाही तरच म्हणता येतं की ही जात नवी.

"तुयापाशी किती हायेत?"

"तेवीस. चौदा माद्या. बाकी पिल्लं."

"अन् नर?"

"एकबी नाई."

कवडूनं विडी विझवली. "तं शोधू ना. सांग कसा दिसते ते, सारं गाव लावतो कामाले."

"साऱ्या गावानं पाला तुडवला तं जे हाये तेबी मरन, मोठेबाबा."

तो उठला. जाताना म्हणाला, "मंग तू शोध. पण शोध बाई. आता तुयाच्यावर हाये."

तो प्रेमानंच बोलला होता. पण त्या दिवसापासून शुभांगीला जेवण जाईना.

तिनं वाण्यांचे फोटो दक्षिणेतल्या एका निवृत्त शास्त्रज्ञांना पाठवले होते. देशात या गटाची जाण असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतले ते एक. ती त्यांना कधी भेटली नव्हती, फोनवर सर म्हणायची. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. असं काही मी पाहिलेलं नाही. पण नर मिळेपर्यंत एक शब्दही कुठे लिहू नका.

खाणीच्या मागणीवरची जनसुनावणी दसऱ्यानंतर होणार होती. मोठ्या वाण्या पावसाळ्याच्या शेवटी काही आठवडेच दिसतात, म्हणजे वेळ जेमतेम होता. शुभांगीनं कॉलेजातून पंधरा दिवसांची रजा घेतली. रोज सकाळी आईची धान्याची चाळणी आणि पांढरं प्लास्टिक घेऊन ती आंबेझरीत जायची. ओला पाला चाळणीत धरून हलवायचा, खाली पडेल ते चिमट्यानं उलटं करायचं, भिंगातून सातवी कडी पाहायची. मादी. मादी. पिल्लू. मादी. गुडघे चिखलात राहून सोलवटले. पाठीमागे खाणीत दुपारी सुरुंग उडायचा तेव्हा पाल्यावरचं पाणी थरथरायचं. कधी कधी तिला वाटायचं, नर संपले असतील. कधी वाटायचं, आपणच चुकीच्या जागी शोधतोय, आणि ती उठून दुसऱ्या आंब्याखाली जायची. तिथेही मादी.

सोळाव्या दिवशी, रजा संपल्यावर कॉलेजला न जाता ती तशीच आंबेझरीत गेली, तेव्हा एका कुजलेल्या बेहड्याच्या सालीखाली तिला वाणीचं एक फिकट पोर सापडलं. कड्या एकोणीस. पूर्ण वाढलेल्याच्या वीस असतात. तिनं उलटं केलं. सातव्या कडीखाली पायांची पुढची जोडी नव्हती. त्या जागी दोन उंचवटे होते.

नर होता. अजून एक कात टाकायची होती त्याला. ती टाकली की विसावी कडी येणार आणि त्या उंचवट्यांतून ते दोन अवयव बाहेर पडणार.

ती पाल्यात बसली आणि रडली. मग ओढणीनं डोळे पुसून तिनं त्याला डबीत घातलं.

घरी लोणच्याची रिकामी काचेची बरणी होती. तिच्यात आंबेझरीची माती, पाला आणि सालीचा तुकडा भरून पोराला सोडलं. चौथ्या दिवशी ते दिसेनासं झालं. शुभांगीनं वरचा पाला चिमट्यानं उचलून पाहिला. मग बरणी फिरवताना तिला तळाजवळ काचेला टेकलेली चिंचोक्याएवढी पोकळी दिसली. आतून लिंपलेली, गुळगुळीत. आत ते गुंडाळून पडलं होतं.

तिनं सरांना फोन लावला.

"उत्तम," ते म्हणाले. "आता विसरून जा. कात टाकायला दोन आठवडे, कधी तीन. टाकल्यावरही अंग कडक व्हायला पाच-सहा दिवस लागतात. तो स्वतः भिंत फोडून बाहेर येईल. तोपर्यंत हलवू नका, उघडू नका. आत असताना तो नुसता लगदा असतो."

बरणी आईच्या खाटेखाली ओल्या पोत्यात ठेवली. शुभांगी कॉलेजात गेली की आई, कुंताबाई, दुपारी पोत्यावर पाणी शिंपडायची. तिला या किड्याचं कौतुक नव्हतं. पण लेकीनं सांगितलं ते ती बाळंतिणीच्या खोलीतल्यासारखं पाळायची. दाराचा आवाज करायची नाही. कवडू रोज यायचा आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारायचा, "झाला का?" त्याच्या मागून इतर यायचे. बायका वाकून काचेला डोळा लावायच्या आणि काही न दिसताच समाधानानं मान हलवायच्या.

पोर पोकळीत गेल्याच्या अकराव्या दिवशी नोटीस आली. जनसुनावणीची तारीख आधी ओढली होती. दसऱ्यानंतर नव्हे, येत्या गुरुवारी. कारण दिलं नव्हतं. हरकती पुराव्यांसह त्याच दिवशी द्यायच्या होत्या, नंतर स्वीकारल्या जाणार नव्हत्या.

शुभांगीनं बोटांवर दिवस मोजले. गुरुवारी सतरावा दिवस पडत होता.

तिनं पुन्हा सरांना फोन केला. "सर, सोळाव्या दिवशी उघडलं तर?"

"नका उघडू."

"पण कात टाकलेली असेल ना तोवर?"

"असेल किंवा नसेल. असली तरी तो मऊ असेल. शुभांगीताई, माझी बेचाळीस वर्षं यात गेली. मी तीन वेळा उघडलं. तिन्ही वेळा पश्चात्ताप केला."

"सुनावणी गुरुवारी आहे."

"त्याला ते माहीत नाही," सर म्हणाले.

मंगळवारी कवडू आत येऊन बसला. बरोबर आणखी पाच-सहा जण होते, पण बोलला तोच.

"बाई, तिथं उभं राहून काय सांगशीन तू?"

"सांगीन, की नर कात टाकून राहिला. आठ दिवस थांबा."

"अन् ते थांबतीन?"

तिला ते दृश्य दिसत होतं. मांडव, माईक, आणि ती हातात लोणच्याची बरणी घेऊन उभी.

"मी त्या बोडीच्या पाण्यावर म्हातारा झालो," कवडू म्हणाला. "मले वाणीबिणी समजत नाई. पण परवा सांगता आलं नाई तं मंग कवा सांगून काय फायदा? झरा बुजल्यावर?" मग त्यानं हात जोडले. सख्ख्या मोठ्या काकानं तिच्यासमोर हात जोडले. शुभांगीनं ते हात धरून खाली केले.

बुधवारी सकाळी तिनं बरणी पोत्यातून काढली. कुंताबाई चुलीपासून उठून आली.

"कुठं नेऊन राहिली?"

"कॉलेजात. सूक्ष्मदर्शकाखाली उघडतो."

"तुया सरानं तं नाई म्हटलं होतं."

"आई, उद्या सुनावणी हाये."

"असन. गाय व्यायची असली तं आपुन वाट पायतो. वासरू ओढून काढत नाई कोनी." कुंताबाईनं बरणीवर हात ठेवला. "नको नेऊ शुभे."

"मंग काय करू? तू सांग. काय करू मी?"

आईनं बरणीवरचा हात काढला.

बस खड्ड्यांतून गेली. शुभांगीनं बरणी मांडीवर, पोटाशी धरली होती आणि प्रत्येक धक्क्याला ती स्वतः सीटवरून किंचित उचलली जात होती. प्रयोगशाळेत हर्षा होती. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, तिच्यासारखीच तासिकेवर. दोघींचा डबा एकत्र. तिनं दिवा लावून दिला, मोबाईल सूक्ष्मदर्शकाला बांधून ठेवला आणि दार लोटून घेतलं.

शुभांगीनं वरची माती चमच्यानं काढली. मग पोकळीपर्यंत ब्रशनं. भिंत पापडासारखी तडकली. आत जुनी कात सुरकुतून पडली होती आणि तिच्याशेजारी तो होता. शिजलेल्या भातासारखा पांढरा. कात टाकून त्याला दिवस-दीड दिवसापेक्षा जास्त झाला नसावा.

"वीस आहेत," हर्षा कुजबुजली. तिनंही मोजलं होतं.

शुभांगीनं त्याला ओल्या कापसावर घेतलं आणि ब्रशच्या दोन केसांनी हळूच उलटं केलं. पाय हलले. जिवंत होता. तिनं भिंगाचं चाक फिरवलं आणि सातव्या कडीखालचे ते दोन अवयव एकदम स्पष्ट झाले.

एक देठ. देठावर पात्यासारखा भाग. पातं मधेच मागे वळलेलं आणि त्या वळणावर बाहेर निघालेला एक दात. गेल्या वर्षभरात तिनं जुन्या पुस्तकांतली, शोधनिबंधांतली शेकडो चित्रं पाहिली होती. हे त्यांत नव्हतं. तिला ते लख्ख कळलं.

"फोटो काढ. काढ लवकर."

हर्षानं काढले. पडद्यावर पांढऱ्यावर पांढरं होतं, धुक्यासारखं. प्रकाश कमी केला, पुन्हा काढले. धुकंच. शुभांगी पेन्सिल शोधायला वळली, तेवढ्यात हर्षा म्हणाली, "शुभा, पाणी सुटतंय."

ब्रशचा केस जिथे टेकला होता तिथे कातडी फाटली होती. थेंब बाहेर आला, मग दुसरा. कडी आत बसली. तिनं घाईनं त्याला स्पिरिटच्या कुपीत सोडलं. दुसरा मार्ग नव्हता. डोळ्यांदेखत ते दोन अवयव आक्रसले, एकमेकांना चिकटले आणि भिजून वाळलेल्या कागदाच्या कपट्यासारखे झाले. देठ कुठला, पातं कुठलं, काही कळेना. दात तर नव्हताच कुठे.

पाय थांबले.

हर्षानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. शुभांगीनं तो झटकला आणि कागद ओढला. तिनं आठवून आठवून काढायला सुरुवात केली. देठ. पातं. वळण. दात. पण चित्र पुरं व्हायला आणखी काही लागत होतं. पात्याचं टोक कसं होतं? दुभंगलेलं की एकसंध? देठाच्या तळाशी केस होते? तिनं तिथे हात थांबवला. मग पुढे काढलं. टोक दुभंगलेलं काढलं, कारण या कुळात बहुतेकांचं तसं असतं. केस काढले, कारण असतात. चित्र छान दिसत होतं. छापलेल्यासारखं.

"हे दे उद्या," हर्षा म्हणाली. "तू पाहिलंस ना? मीही पाहिलं. मी सही करते."

"तू टोक पाहिलंस?"

हर्षानं पेन उचललं होतं, ते पुन्हा खाली ठेवलं.

संध्याकाळी तिनं सरांना सांगितलं. मी तुम्हाला बजावलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "दात कोणत्या बाजूला होता?" तिनं सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "अरेरे." त्या एका शब्दात तिला कळलं की त्यांनाही ते कुठल्याच चित्रात आठवत नव्हतं.

गुरुवारी मांडव भरला होता. जांभूळटोल्याचं जवळजवळ सगळं गाव दोन ट्रॅक्टरांतून आलं होतं. अधिकारी सभ्य होता. प्रत्येकाला बोलू देत होता. कवडू पाण्याबद्दल बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. मग कवडूनं माईक स्वतः शुभांगीच्या हातात दिला.

तिनं माद्या दाखवल्या, कड्या सांगितल्या, ठिपके सांगितले. अहवाल लिहिणारा सल्लागार समोर बसला होता. त्यानं हात वर केला.

"मॅडम, या प्राण्याची जात कोणती?"

"अजून ठरलेली नाही."

"म्हणजे सर्वसामान्य असू शकते?"

"असू शकते. मला तसं वाटत नाही."

"वाटण्याला आधार?"

"काल मी एक नर पाहिला."

"तो आहे तुमच्याकडे?"

तिनं कुपी वर धरली. सल्लागारानं ती घेऊन उजेडात पाहिली. तो तिच्याच विषयाचा माणूस निघाला. त्यानं खिशातलं भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं, आणि कुपी परत देताना त्याच्या चेहऱ्यावर उपहास नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

"हा लवकर उघडला तुम्ही," तो म्हणाला. "यातून काही सांगता येणार नाही. त्या अवयवाचं चित्र वगैरे आहे का? काल काढलेलं?"

चित्र तिच्या पिशवीत, वहीच्या घडीत होतं. मांडवात कोणी खोकलं. कवडू तिच्याकडे पाहत होता, पहिल्या रांगेत आई बसली होती, तिच्यामागे हर्षा. पिशवीची चेन अर्धी उघडी होती. तिला वहीचा कोपरा दिसत होता. काढून देणं फार सोपं होतं. कदाचित कोणी ताडूनही पाहिलं नसतं. कदाचित ताडायला आठ महिने लागले असते, आणि आठ महिन्यांत काहीही झालं असतं.

पण त्या चित्रातलं टोक तिनं पाहिलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "देण्यासारखं नाही."

अधिकाऱ्यानं विचारलं, "मग काय नोंदवू?"

"लिहा की तिथं एक जात आहे, जिला नाव देता आलेलं नाही. आणखी एक पावसाळा हवा."

त्यानं लिहिलं. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोणी तिच्याशी बोललं नाही. गावात उतरल्यावर तिनंच कवडूला गाठलं आणि चित्राचं सांगितलं. लपवणं तिला जमलं नसतं.

"तू पायलं का नाई पायलं?" त्यानं विचारलं.

"पायलं. पण सारं नाई."

"अन् कागद होता पिशवीत."

"होता."

"मंग काहून नाई देल्ला?"

"त्यात अर्धं मी मनानं भरलं होतं, मोठेबाबा."

"एकोणसाठ घरं, बाई," कवडू म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर तो त्या अंगणात आला नाही.

खाणीला परवानगी फेब्रुवारीत आली. अटी होत्या, त्यांतली एक अशी की नाल्याच्या दोन्ही काठांना वीस मीटर जागा सोडावी. ती शुभांगीच्या बोलण्यामुळे घातली होती की पाण्याबद्दलच्या हरकतीमुळे, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. मार्चमध्ये झाडं पडली. आंबे तोडायला दोन दिवस लागले. एप्रिलपासून डंपर सुरू झाले आणि लालसर काळा मलबा उतरू लागला. मे महिन्यात, पहिल्यांदाच, नाला आटला. पावसाळ्यात तो पुन्हा वाहिला, पण भाद्रपद आला तरी बोडी निम्मीच होती. कवडूनं पाण्याच्या पाळ्या नव्यानं लावल्या. त्या वर्षी त्याच्याशी लोक भांडले.

शुभांगीच्या घरी लग्नाबारशाचं बोलावणं आलं नाही. विहिरीवर बायका कुंताबाईला जागा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. कुंताबाई एकदाच घरी येऊन हंडा आदळून म्हणाली, "देऊन टाकलं असतं तं काय झालं असतं?" शुभांगी म्हणाली, "मी तुयं आयकलं असतं तं काय झालं असतं, ते सांग." मग दोघी रडल्या, वेगवेगळ्या खोल्यांत.

ऑगस्टच्या शेवटी शुभांगी पुन्हा निघाली. आता शोधायला उरलं होतं ते नाल्याकाठचं पट्ट्यासारखं रान. त्याच्या डोक्यावर मलब्याचा उतार उभा होता आणि पावसाची सर आली की त्याची माती ओघळून पाल्यावर बसायची. पहिल्या सहा दिवसांत तिला काहीच सापडलं नाही, मादीसुद्धा नाही. सातव्या दिवशी एक मादी सापडली. ती तिनं तळहातावर घेतली आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मग होती तिथे सोडली.

आठव्या दिवशी ती वाकून पाला चाळत असताना मागून फांदी मोडल्याचा आवाज आला. कुंताबाई होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात सूप.

"आई, तू कायले आली? पाय घसरन."

"धानाचं निंदन झालं," कुंताबाई म्हणाली. ते झालं नव्हतं. दोघींनाही ते माहीत होतं. ती चिखलात शेजारी बसली. "नर कसा वळखाचा ते दाखव."

शुभांगीनं दाखवलं. मान धरायची नाही, मधेच धरायचं, हळू. पोट वर. डोक्याकडून कड्या मोजायच्या. सातवीखाली थांबायचं.

आईला भिंगातून दिसायला वेळ लागला. तिनं डोळा बारीक केला, दूर नेला, पुन्हा जवळ आणला. तासाभरानं तिच्या सुपात एक चपटी वाणी आली. तिनं ती शिकवल्याप्रमाणे उलटी केली आणि मोठ्यानं मोजू लागली, धान मोजताना मोजतात तशी, सुरात. सातवर थांबली. शुभांगी जवळ सरकून बघत होती.

"पाय हायेत," कुंताबाई म्हणाली. "दोन्ही जोड्या."

"म्हणजे मादी."

"व्हय, मादी." कुंताबाईनं तिला परत सालीखाली ठेवलं, वर पाला ओढला आणि सूप घेऊन पुढच्या ओंडक्याकडे सरकली.